पूतनाला माझं तोंड

रॉकेलचा बोळा माझ्या हातात, पोरगं कडेवर, समोर पूतनाचा पुतळा, आणि पूतनाला माझं तोंड. हनुवटीवरचा तीळपण माझाच. उद्या अनंत चतुर्दशी, झांकीचे चित्ररथ निघणार, सगळं इंदौर रस्त्यावर, सांवेरहून सासूबाई येणार, आणि त्या बघणार की कृष्णाला विष पाजणारी बाई म्हणजे आपली सून.

हे काम आमच्या समोरच्या काकांचं. असा बेशरम माणूस अख्ख्या इंदौरमध्ये दुसरा नसेल. मिलमध्ये फिटर होते. मिलला ताला लागला तरी रोज डबा घेऊन मागच्या शेडमध्ये जायचे, झांकी बनवायला, पगार नाही काही नाही. आणि कोणाच्याही तोंडाकडे टक लावून बघायचे. एका तेरवीला गेले तर वाढणाऱ्याच्या नाकाकडेच बघत बसले, पुऱ्या थंड झाल्या. तो बिचारा विचारतो, "काकाजी, काही कमी आहे का?" तर म्हणतात, "नाही भिया, थोडा उजवीकडे वळ." मागच्या साली दूधवाल्याचा कंस केला. तो कितीतरी दिवस यांच्याकडे दूध घालेना, मग स्वतःच बायकापोरांना घेऊन कंसाबरोबर फोटो काढायला आला. दोरीवरून माझा निळा पेटीकोट गेला, त्याची यमुना झाली. मागायला गेले तर म्हणाले, "सूनबाई, आता त्यात नाग बसलाय. झांकीनंतर ने."

मी ओट्यावर पोराला घेऊन बसायची तेव्हाही समोरून बघायचे. मला वाटायचं पोराला बघतात. मग शरम वाटायची, मी आत जाऊन बसायची.

"काका, मला हडळ बनवली तुम्ही?" मी म्हटलं.

"हडळ मागच्या बाजूला आहे," ते म्हणाले आणि हँडल फिरवलं. पूतना गोल फिरली, मागे दात, लाल डोळे, जटा. "ते माझ्या मनाचं. पण पुढून ती आई वाटली पाहिजे ना. नाहीतर बाळ जाईल का तिच्याकडे? किती तोंडं केली, सगळ्या पिक्चरच्या हिरोइनी दिसत होत्या."

"सासूबाई काय म्हणतील?"

"पुसायचं तर पूस. पुढच्या साली झांकीला चंदा जमतो का नाही, कोणाला माहीत." आणि पाठ करून नट-बोल्ट निवडत बसले.

पूतना फिरून परत पुढे आली. मी बोळा उचलला. तेवढ्यात पोरगं कडेवरून झेपावलं, तिच्याकडे, दोन्ही हात पसरून, तोंड उघडून, भूक लागली की माझ्याकडे येतं तसं. मी तिथेच उभी असून. मी त्याला मागे ओढलं तर रडायला लागलं. काका वळले, हसले नाहीत. डोळे पुसत म्हणाले, "रॉकेल लागलं." रॉकेल तर माझ्या हातात होतं.

मी बोळा खाली ठेवला.

सासूबाईंनी झांकी बघितली. घरी येऊन पोराला तेवढं माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. गल्लीतली पोरं अजून मला पूतनाकाकी म्हणतात, मी मान खाली घालून भाजी घेते. त्या शेडचे पत्रेपण विकले गेले आता. काका ओट्यावर बसून असतात, कोणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. म्हणून मीच पोराला घेऊन मुद्दाम त्यांच्या समोर बसते, उजेडाकडे तोंड करून.

तुम्हीच सांगा, तुम्ही पुसलं असतं?