अडीच मिनिटांची हवा

वय एकोणपन्नास, कानशिलांवर पांढरं आलेलं, चष्म्याचा नंबर दोनदा बदललेला, आणि तरी अख्खी गल्ली त्याला धाकटा म्हणायची. थोरला भाऊ वर्कशॉपच्या दारातल्या टेबलाशी बसायचा आणि त्याला सगळे दादा म्हणायचे. त्यामुळे उरलेला आपोआप धाकटा झाला. गिऱ्हाईकं म्हणायची, वर्कशॉपातला वेल्डर म्हणायचा, समोरच्या टायरवाल्याचा पाच वर्षांचा नातूसुद्धा बिनदिक्कत 'ए धाकट्या' म्हणून हाक मारायचा. बायको तेवढी म्हणत नसे. ती 'अहो' म्हणायची, आणि त्या एका 'अहो'चे तिच्याकडे आठ-दहा प्रकार होते.

वर्कशॉपच्या मागच्या भिंतीला लागून दोन खोल्या होत्या, त्यांत नवराबायको राहायचे. भिंतीच्या अलीकडे ओटा, पलीकडे कॉम्प्रेसर. तो सुरू झाला की ओट्यावरच्या वाट्या किणकिणायच्या. लग्न होऊन आली तेव्हा बायको दचकायची. पुढे पुढे तो बंद पडला की दचकायला लागली.

धाकट्याचं काम म्हणजे लोखंडावरचा गंज, जुना रंग, इंजिनाच्या भागांवर बसलेली काजळी उडवून खालचा स्वच्छ धातू वर काढणं. त्यासाठी कपाटाएवढी एक लोखंडी पेटी होती. समोर काच, काचेखाली दोन गोल भोकं, आणि त्या भोकांना आतल्या बाजूने कायमचे बसवलेले जाड रबरी हातमोजे. हात कोपरापर्यंत आत घालायचे, एका हातात बंदूक धरायची, दुसऱ्यात तुकडा, आणि पायाने पेडल दाबायचं. मग कॉम्प्रेसरची हवा बारीक दाणे घेऊन सुटते आणि तुकड्यावर आदळून त्याची साफसफाई करते. काम तसं सोपं, पण एकदा हात आत गेले की माणूस पेटीचा झाला. नाक नेमकं तेव्हाच खाजतं, माशी नेमकी तेव्हाच मानेवर बसते आणि फोन तर हटकून तेव्हाच वाजतो. धाकट्याने दिवसाचे सात-आठ तास याप्रमाणे अठरा वर्षं हात आत घालून काढली होती.

पेटी घेतली तेव्हा दोघा भावांचं पहिलं भांडण दाण्यांवरून झालं. दादाने नदीची वाळू चाळून पोतं भरून आणली होती. फुकटची वाळू, तीच मारू, असं त्याचं म्हणणं. धाकटा अडून बसला. वाळू आदळून फुटते, तिची पिठासारखी धूळ होते, ती छातीत जाऊन बसते आणि पुन्हा निघत नाही. पेटी कितीही बंद असली तरी दार उघडताना थोडी बाहेर येतेच. त्याने वाळूला हात लावायचं साफ नाकारलं आणि स्वतः चार दुकानं पालथी घालून दोन प्रकारचे दाणे आणले. मऊ अॅल्युमिनियमसाठी काचेचे गोल मणी, जे पृष्ठभाग न खाता नुसतं घासून उजळवतात, आणि गंजलेल्या लोखंडासाठी तपकिरी धारदार दाणे, जे गंजाला मुळासकट उपटतात. पहिल्याच आठवड्यात, भाड्याने आणलेल्या कॉम्प्रेसरवर, एका मेकॅनिकचा काळाकुट्ट कार्बोरेटर पेटीतून असा निघाला की मेकॅनिकने तो आपलाच आहे की बदलला, हे नंबर ताडून पाहिलं. दादा विरघळला. यातलं तुला कळतं, तू म्हणशील ते, असं त्याने सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

घोळ तिथेच झाला. दाणे बरोबर निवडले म्हणून हवा निवडायचंही काम त्याच्यावरच आलं, आणि या वेळी कुणी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. बंदुकीला मिनिटाला पंचवीस घनफूट हवा लागते हे पुस्तिकेत लिहिलं होतं. एका कॉम्प्रेसरच्या पाटीवरही पंचवीसच लिहिलं होतं. पंचवीसला पंचवीस जुळले आणि धाकटा खूश झाला. दादाला खरं तर त्या वर्षी कातकामाचं लेथ घ्यायचं होतं. ते बाजूला ठेवून त्याने धाकट्याच्या शब्दावर कॉम्प्रेसर आणला. पाटीवरचा आकडा पिस्टन किती हवा ओढतो त्याचा असतो, टाकीत पोचते ती हवा त्याहून बरीच कमी असते, हे धाकट्याला महिन्याभराने कळलं. प्रत्यक्षात पोचत होती जेमतेम सतरा.

म्हणजे व्हायचं असं की टाकी भरलेली असली की अडीच मिनिटं सगळं झकास चालायचं. मग दाब पडायचा आणि दाणे तुकड्यावर नुसते टपटपायचे. तरीही पेडल दाबून धरलं तर कॉम्प्रेसर न थांबता चालून तापायचा, हवेबरोबर पाणी यायचं, मणी ओले होऊन त्यांचे गोळे व्हायचे आणि बंदूक तुंबायची. यावर इलाज एकच. अडीच मिनिटं मारायचं, दीड मिनिट थांबायचं.

दादाला सांगायला हवं होतं. पण लेथवर पाणी सोडून आणलेल्या वस्तूबद्दल महिन्याभरात काय तोंडाने सांगणार? धाकटा मूग गिळून बसला. आणि ती दीड मिनिटं रिकामी दिसू नयेत म्हणून तो आतला तुकडा हातात फिरवून न्याहाळायला लागला. मान तिरकी करायची, डोळे बारीक करायचे, तुकडा दिव्याखाली धरायचा. बघण्यासारखं त्यात काही नसायचं. तो मनात नव्वद मोजत असायचा.

गंमत अशी की लोकांना तेच आवडलं. गल्लीत बोलबाला झाला की धाकटा घाई करत नाही, एकेक तुकडा निरखून काम करतो. लांबलांबून माणसं जुनी शिलाई यंत्रं, सायकलींचे सांगाडे, पंपांची झाकणं घेऊन यायला लागली. दादा टेबलाशी बसून अभिमानाने सांगायचा की हात लागतो त्याला, मशीन काय कुणीही विकत घेईल. धाकट्याला ते ऐकून आधी शरम वाटायची. नंतर शरमही वाटेनाशी झाली, आणि याचं त्याला जास्त वाईट वाटलं. कारण पेटी दुसऱ्या कुणाला चालवताच येईना. तो तापाने आडवा पडला तरी काम थांबायचं. मेहुणीच्या लग्नाला दोन दिवसांच्या वर राहता आलं नाही. आपणच केलेल्या चुकीला आपणच असं बेमालूम लपवलं होतं की आता तिच्या आत राहण्याखेरीज जागा उरली नव्हती.

मग शेजारच्या शहरातल्या तंत्रशाळेचे एक शिक्षक काही सुटे भाग घेऊन आले. धाकट्याने त्यांना कोणत्या धातूला कोणता दाणा, किती जवळून, किती तिरका मारायचा हे तासभर सांगितलं. पंधरा दिवसांनी शाळेचं पत्र आलं. शिकवायला माणूस हवा होता, एक तारखेपासून, राहायला दोन खोल्यांसकट. नवराबायको बघून आले. खोल्यांच्या मागे मोकळं मैदान होतं. बायको तिथे खिडकीशी उभी राहिली आणि बराच वेळ तिथून हललीच नाही. धाकट्याने विचारलं तेव्हा म्हणाली, काही ऐकू येत नाहीये, तेच ऐकतेय.

दादाने नाही म्हटलं नाही. जा की, म्हणाला, वेल्डरला शिकवून जा.

धाकट्याने शिकवलं. दाणे शिकवले, अंतर शिकवलं, कोन शिकवला. थांबायचं का, ते मात्र सांगितलं नाही. नुसतं म्हणाला, मधे मधे तुकडा नीट बघत जा. वेल्डर माणूस रोखठोक. त्याने दोनदा बघितलं, बघण्यासारखं काही दिसलं नाही, आणि पेडलवर पाय ठेवला तो ठेवलाच. गोळे झाले. बंदूक तुंबली. त्याने ती सोडवली, पुन्हा तुंबली. वेल्डरच्या नाकी नऊ आले. एक तारखेला बारा दिवस उरले असताना पंपांची चौदा अॅल्युमिनियमची झाकणं आली, आणि काचेच्या मण्यांत काही दम नाही असं ठरवून वेल्डरने पेटीत तपकिरी धारदार दाणे भरले. झाकणांच्या कडा, जिथे दोन भाग घट्ट बसायचे, तिथे देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. चौदाच्या चौदा वाया गेली.

भर दुपारी, गिऱ्हाईकासमोर, दादाने वेल्डरला फैलावर घेतलं. बारा वर्षं काम करतोस, हाताला वळण म्हणून नाही, या माणसाकडून काहीच कसं उचलता आलं नाही, असं बरंच काही. वेल्डर खाली मान घालून ऐकत होता. त्याचे कान लाल झाले होते. गिऱ्हाईक चिडून निघून गेल्यावर त्याने गॉगल काढून बाकावर ठेवला आणि म्हणाला, उद्यापासून दुसरा कुणी बघा.

धाकटा पेटीपाशी उभा होता. बोललो तर आपण अठरा वर्षांचे खोटे ठरू, नाही बोललो तर हा माणूस आपल्या चुकीपायी जाईल. आणि तो गेला की पेटीपाशी आपणच उरू. खरं सांगायचं तर त्याला वेल्डरची जेवढी कणव आली तेवढीच स्वतःची भीतीही वाटली. दोन्हींनी मिळून त्याचं तोंड उघडलं.

"दादा, त्याच्या हाताला काही झालेलं नाही. कॉम्प्रेसर कमी पडतो. पहिल्या महिन्यापासून कमी पडतोय. मीच चुकीचा निवडला."

मग त्याने सगळं सांगितलं. पाटीवरचे पंचवीस, पोचणारे सतरा, अडीच मिनिटं, दीड मिनिट. वेल्डरने तोंडाचा आ केला.

"म्हणजे तुम्ही ते बघत नव्हता?" त्याने विचारलं.

"मोजत होतो," धाकटा म्हणाला.

वेल्डरने गॉगल पुन्हा उचलला, पण घातला नाही. दादा टेबलावरच्या लाकडाकडे बघत होता. तो ओरडेल म्हणून धाकटा वाट बघत राहिला. दादा ओरडला नाही.

"मला माहितीये," तो म्हणाला. "दुसऱ्याच वर्षी कळलं. कॉम्प्रेसर दुरुस्तीला आलेल्या माणसाने सांगितलं होतं."

धाकट्याला वाटलं आपण नीट ऐकलं नाही.

"मग दुसरा घ्यायचा ना."

"घेतला असता तर पेटी कुणीही चालवली असती. मग तू कशाला थांबला असतास?" दादा अजून टेबलाकडेच बघत होता. "मला एकट्याला नसतं जमलं रे."

धाकट्याच्या डोळ्यांसमोर अठरा वर्षांच्या दुपारी आल्या. तो दिव्याखाली तुकडा फिरवतोय, मान तिरकी करतोय, काहीतरी बारीक शोधतोय, आणि पाठीमागे टेबलाशी दादा बसलाय, ज्याला आत काहीच नाही हे ठाऊक आहे. त्याने लपवलं होतं आणि ज्याच्यापासून लपवलं तो तेच जपत बसला होता. मोठ्याने हसावं की काहीतरी फोडावं, हे त्याला कळेना.

"तू तिथे बसून मला बघायचास," तो म्हणाला.

"बघायचो."

मग दादाने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि नेहमीच्या, हिशोबी आवाजात बोलायला लागला. उद्याच नवा मागवतो. यायला दोन महिने लागतील. तोवर हातातली कामं कोण करणार? शाळेला पत्र टाक, ते समजून घेतील. दोन महिन्यांनी जा, मी अडवणार नाही.

इथे धाकट्याने खवळायला हवं होतं. कुणीही खवळला असता. पण दादाने सांगायचं आणि आपण मान हलवायची हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की रागाच्या आधी होकारच वर आला. आपण काय करतोय हे त्याला कळत होतं, आणि तरी त्याने 'बरं' म्हणायला तोंड उघडलं.

"नाही थांबणार," मागून आवाज आला.

खोल्यांच्या दारात बायको उभी होती. आरडाओरडा ऐकून आली असावी. हात कणकेचे तसेच होते. तिने किती ऐकलं ते कळायला मार्ग नव्हता, पण चेहऱ्यावरून पुरेसं ऐकलं असावं.

"भाऊजी, आम्ही एक तारखेला जातोय," ती म्हणाली. "पेटी दोन महिने बंद ठेवा."

दादाने तिच्याकडे पाहिलंच नाही. तो धाकट्याकडे बघत राहिला, तिचं बोलणं अजून मोजायचं नाही आणि खरं उत्तर इकडून यायचंय अशा नजरेने. वेल्डरही बघत होता. धाकट्याला एकाएकी दिसलं की दादाचे हात टेबलाच्या कडेला घट्ट धरलेले आहेत आणि तो घाबरलाय. लहानपणापासून दादाला घाबरलेला त्याने पाहिला नव्हता. आता नाही म्हणणं जास्तच अवघड झालं.

"मी जातो, दादा," तो म्हणाला.

दादाने मान हलवली. त्याने अडवलं नाही, तो रागावला नाही, नुसती मान हलवली. तीन शब्दांचं वाक्य होतं, आणि ते कुठल्याही दिवशी बोलता आलं असतं, याचं धाकट्याला तिथेच, सगळ्यांसमोर, रडू कोसळलं.