शेवटचा हात

"सैल बोल्ट दिसला की माझ्या हाताला झोप येत न्हाई," गहिनीनाथ मिस्त्री एकदा म्हणाला होता.

तेव्हा कारखाना चालू होता. उसानं लादलेले ट्रक चौसाळ्याच्या बाजूनं रात्रंदिवस आदळत यायचे आणि प्रत्येकाचं काही ना काही ढिलं झालेलं असायचं. सहकारी कारखान्याच्या त्या वर्कशॉपात एक रीतच पडली होती. गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी गहिनीनाथानं खाली शिरून बोल्टांवर शेवटचा हात मारायचा. त्याशिवाय ड्रायव्हर चावी फिरवत नसत.

मग पाऊस येईना झाला. ऊस वाळला, तोडणीच्या टोळ्या कर्नाटकात गेल्या, चिमणी गार पडली. एकेक माणूस घरी बसला. राहिला गहिनीनाथ आणि राहिली एकच गाडी, जुन्या ट्रकवर टाकी चढवून केलेला पाण्याचा टँकर. नेकनूरच्या अलीकडे एक वस्ती होती. तिथल्या कोरड्या विहिरीत तो रोज रिकामा व्हायचा. टँकर चालतोय तोवर वर्कशॉपाला कुलूप लागणार नाही, असं मॅनेजरनं सांगितलं होतं.

पण त्या हाताला एक गाडी दिवसाला किती पुरणार? घरी गहिनीनाथानं कडीचे, दाराचे, शिलाई मशीनचे स्क्रू आवळले. बाजेला स्क्रू नाही म्हणून तिची सुतळी आवळली. बायको छबुबाई म्हणाली, "आता मला आवळायच्या आत कामावर जा." तो गेला. वर्कशॉपाच्या पत्र्याखाली वारा धडधडत होता. सावली इकडून तिकडे सरकत होती आणि तिच्यामागून तो.

त्या दिवशी टँकर लवकर परतला. केबिनमधून ड्रायव्हर रामकिसन उतरला आणि त्याच्या मागोमाग कडेवर घागर घेतलेली वस्तीवरची सारजाबाई. तिनं घागर मिस्त्रीच्या पायाशी आदळली.

"वास घ्या."

गहिनीनाथ वाकला. पाण्यावर निळे-जांभळे रंग फिरत होते. जळकट, उग्र वास. हे तेल तो ओळखत होता. गाडीच्या मागच्या अ‍ॅक्सलच्या पोटात ते असतं.

"लई न्हाई गळत, मिस्त्री," रामकिसन म्हणाला. "थेंब थेंब. गाडीला काई व्हत न्हाई."

"गाडीला न्हाई व्हत. गाडी पिती का ते पाणी?" सारजाबाई कडाडली. "आमच्या हिरीला कठडा न्हाई. नळीतून सांडलेलं पाणी ह्याच्या गाडीखालून वाहतं आन् परत हिरीत येतं, तुमचं तेल घिऊन. लेकरं वकायलीत. आज थेंब दिसला तर ह्यो टँकर हिरीपाशी येऊ देनार न्हाई. तहसीलात जाऊ, दुसरा मागू."

दुसरा टँकर म्हणजे इथं कुलूप. गहिनीनाथ गाडीखाली सरपटला.

अ‍ॅक्सलच्या तळाशी तेल काढायचं बूच असतं. त्याच्या कडेला थेंब लोंबत होता. फुगायचा, थरथरायचा, सुटायचा. त्यानं खाली टब सरकवला, बूच सोडलं. काळं तेल उतरलं. मग त्यानं बुचाखालचा तांब्याचा वायसर, गळती अडवणारी चकती, तळहातावर घेतला.

कागदासारखा पातळ झाला होता तो. एका कडेला फाटलेला.

हंगामात शेकडो गाड्यांना वाटलेला हात गेले कित्येक महिने रोज सकाळी ह्या एकाच बुचावर पडत होता. सैल नसताना. रोज थोडासा.

"कुनी केलं?" बाहेरून सारजाबाईनं विचारलं.

"मीच."

"आगं माय! मिस्त्रीच कुरतडनारा उंदीर निघाला."

रामकिसन हसला.

नवा वायसर स्टोअरात नव्हता. स्टोअरच नव्हतं आता. खिळ्यांच्या डब्यात जुन्या इंजिनाचा एक सापडला, जाड पण कडक. गहिनीनाथानं तो स्टोव्हवर लाल केला आणि सारजाबाईच्या घागरीत टाकला. चर्र झालं. "तापवून इझवला की तांबं मऊ पडतं," तो म्हणाला. "मऊ आसलं की थोड्या जोरानं बसतं."

"मानसाचं बी तसं आसतं तर," सारजाबाई म्हणाली.

त्यानं बुचाचे आटे पुसले, बूच हातानं फिरवत नेलं, मग पाना लावून एकदा दाबलं. तेल फडक्यातून गाळून वरच्या भोकातून भरलं. खालचा भाग पुसून कोरडा केला. रामकिसननं आवारात गाडी फिरवून आणली. बूच कोरडं होतं. सारजाबाईनं स्वतः वाकून बोट लावून पाहिलं, बोट हुंगलं.

"न्हाई काई."

टाकी भरली. रामकिसन केबिनमध्ये चढला. चावी लावली, फिरवली मात्र नाही.

"मिस्त्री, शेवटचा हात?"

गहिनीनाथ पाना घेऊन कधी खाली शिरला ते त्याचं त्यालाही कळलं नाही. पाना बुचावर चढला होता. मनगटात मुंग्या आल्या होत्या. अगदी एवढंसं, खड्डे लई हायत रस्त्याला, एवढ्याशानं काय होतंय...

सारजाबाईचा चेहरा चाकाशेजारी उलटा दिसला. "गळतंय का, मिस्त्री?"

"न्हाई."

"मंग कावून आवळता?"

वारा पत्र्यावर आपटत राहिला. बोटं पान्यावर घट्ट होती, पांढरी पडली होती. मग पाना बुचावरून उतरला. गहिनीनाथ उताणा सरकत बाहेर आला, उठला. रामकिसन त्याच्याकडे पाहत होता. गहिनीनाथानं पाना खिडकीतून त्याच्या मांडीवर ठेवला, "गळलं तरच लाव," म्हणाला आणि उन्हात, फाटकाबाहेर चालू लागला.