फिटरकाकांचा जिना

घर विकायचं म्हणजे परकी माणसं घरात शिरणार, हे फिटरकाकांना मान्य होतं. शिरलेली माणसं तोंडही उघडणार, हे मात्र त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच रविवारी एक जोडपं आलं. त्यातल्या नवऱ्याने बोटाने भिंतीवर टकटक केली, कान लावला आणि बायकोकडे बघून मान हलवली. काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भिंत म्हणजे काय नारळ आहे, वाजवून घ्यायला? नंतरची बाई नाक वर करून खोल्याखोल्यांतून वास घेत फिरली. तिच्यामागून आलेल्या गृहस्थांनी तर कहर केला. त्यांनी खिशातून चक्क गोटी काढली आणि फरशीवर ठेवली. गोटी घरंगळत कपाटाकडे निघाली. काकांनी ती पायाने अडवली.

“गोटी आहे, ती घरंगळणारच,” काका म्हणाले. “तुम्हाला राहायचंय की गोट्या खेळायच्यात?”

एजंटने कपाळाला हात लावला. मुलीने तर आधीच बजावून ठेवलं होतं, “बाबा, तुम्ही कुणाशी काही बोलू नका. नुसतं बसा.” स्वतःच्या घरात नुसतं बसायचं म्हणजे काय, हे काकांना कळेना. आणि लोकांचा राग त्यांना यायचा तो उगाच नव्हता. गल्लीत सगळ्यांत स्वस्त घर म्हणून धावत यायचं आणि आल्यावर राजवाडा बघायला आल्यासारखी नाकं मुरडायची, हा कुठला न्याय? वस्ती बघा ना जरा. दवाखाना चालत, शाळा चालत, बाजार कोपऱ्यावर, रस्त्यावर जुन्या झाडांची सावली. दोन गल्ल्या पलीकडे नवी इमारत उभी राहतेय, तिथले भाव विचारायची तरी छाती आहे का यांची? घर जुनं आहे म्हणून तर परवडतंय. जुनं असूनही नव्यासारखं हवं असेल तर नव्याचेच पैसे मोजा म्हणावं.

काकांची सगळी नोकरी वर्तमानपत्राच्या छापखान्यात गेली. फिटर म्हणून लागले, फिटर म्हणून निवृत्त झाले. त्या कामात एकच धर्म होता, यंत्र थांबता कामा नये. पहाटे पेपर निघालाच पाहिजे, मग पट्टा तारेने बांधा, नाहीतर जुन्या चपलेचं चामडं कापून खाली सरकवा. साहेब विचारायचे, “काय केलंस रे?” काका म्हणायचे, “चालतंय ना? मग झालं तर.” नवीन भाग मागवून, यंत्र उघडून, नीट दुरुस्ती करायला तिथे वेळ कुणाला होता? काकांच्या तारेवर आणि चामड्यावर त्या छापखान्याने वर्षानुवर्षं पेपर काढला, आणि निरोपाच्या दिवशी मालकांनी त्यांना जवळ घेतलं.

हाच धर्म त्यांनी घरी आणला. लग्नानंतर घेतलं तेव्हा हे घर अर्धं मोडकंच होतं. काकांनी ते एकेका सुट्टीत उभं केलं, एकट्याने, कुणा मिस्त्रीला उंबऱ्याला पाय लावू न देता. जिना तर त्यांचा जीव की प्राण. यंत्रं ज्या पेट्यांतून यायची त्या पेट्यांच्या फळ्या त्यांनी छापखान्यातून मागून आणल्या आणि जशा मिळाल्या तशा ठोकल्या. त्यामुळे पायऱ्याही जशा झाल्या तशा झाल्या. कुठली बुटकी, कुठली उंच. वरून दुसरी तर बाकीच्यांपेक्षा चांगली चार बोटं जास्त. पाहुणा जिना चढायला लागला की खालून कुणीतरी ओरडायचं, “वरून दुसरी मोठी आहे!” चहाला या म्हणावं तितक्या सहज. मुलगी लग्न होऊन सासरी गेली तेव्हा तिथल्या सरळ जिन्यावर ती कितीतरी दिवस वरून दुसऱ्या पायरीला पाय उगाच उंच उचलायची, आणि सासू घाबरून बघायची.

आता घर विकायचं कारण विचाराल तर काकू. काकूंचे गुडघे गेले होते. स्वयंपाकघर खाली, निजायची खोली, न्हाणीघर, संडास सगळं वर. गेल्या हिवाळ्यापासून काकू वरच अडकल्या होत्या. काका खाली भात शिजवायचे, ताट वर न्यायचे. दवाखान्यात जायचं तर दोघांनी धरून उतरवायचं. काकूंच्या मोठ्या बहिणीच्या इमारतीत तळमजल्यावरचं घर रिकामं होत होतं. तिथे एक पायरी नव्हती. दार उघडलं की बाग, बागेत बाक, बाकावर बहीण. मालक चांगला माणूस, पण महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. तोवर इथलं घर विकलं गेलं नाही तर ते घर दुसऱ्याच्या पदरात पडणार आणि काकू याच खाटेवरून त्याच खिडकीतून रस्ता बघत राहणार. महिना सरत आला होता. आणि येणारा प्रत्येक जण वरून दुसऱ्या पायरीला ठेचकाळत होता.

“पायाखाली बघून चालावं माणसाने,” काका म्हणायचे. “नाचता येईना अंगण वाकडं.”

शेवटच्या आठवड्यात एक नर्स आली. ड्यूटी संपवून थेट आली असावी, डोळ्यांखाली काळं होतं आणि खांद्यावर मोठी पिशवी. मोठ्या दवाखान्यात कामाला, भाड्याच्या घरात राहते, नवरा आणि सासू सोबत असतात, हे एजंटने आधीच सांगून ठेवलं होतं. ती ना भिंतीला हात लावी, ना नाक वर करी. काकांना बरं वाटलं. चला, शहाणं माणूस भेटलं एकदाचं.

ती जिन्याकडे वळली तसे काका ओरडले, “वरून दुसरी मोठी आहे!”

ती थांबली. मग जपून चढत वर पोचली, वाकून तिने ती पायरी हाताने चाचपली आणि काकूंच्या खोलीत गेली. खाटेच्या कडेला बसली. काकूंचा गुडघा बघायला परवानगी विचारली, बघितला, साडी सारखी करून दिली. मग म्हणाली, “काकू, या घरात राहताना तुम्हाला कशाचा त्रास होतो?”

“तिला कसला त्रास?” दारातून काका म्हणाले. “सगळं जागेवर आहे.”

“काका, मी काकूंना विचारलं,” नर्स म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “वॉर्डात असंच होतं. दुखतं पेशंटला आणि बोलतात नातेवाईक.”

एजंट मागे सरकला. काकूंनी पांघरूण बाजूला केलं, आणि एखाद्याने दाराची कडी काढावी तसं बोलायला सुरुवात केली.

“गरम पाणी हवं असेल तर खालचा नळ थोडा उघडा ठेवावा लागतो. म्हणजे मी आंघोळीला बसले की खाली कुणीतरी हवं. कुणी नसेल तर गार पाण्याने.”

“तो पाइपचा दाब...” काका म्हणाले.

“ओट्याजवळची खिडकी वाऱ्याने वाजायची. यांनी खिळे मारून बंद केली. वाजायची थांबली खरी. मी इतकी वर्षं धुरात स्वयंपाक केला.”

“अगं, पण तू कधी बोलली नाहीस.”

“बोलले होते. तुम्ही म्हणालात, चालतंय ना?”

काकांचं पित्त खवळलं. परक्या बाईसमोर, गिऱ्हाइकासमोर, घरच्याच माणसाने अशी अब्रू काढावी? कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. या घरातला एकेक खिळा त्यांच्या हातचा. लोक सुट्टीत फिरायला जायचे तेव्हा ते इथे घाम गाळत होते. कुणासाठी? आणि ही बाई आता, सौदा तोंडाशी आलेला असताना, तक्रारींचं गाठोडं सोडून बसली होती. पण काकू थांबेनात.

“न्हाणीघर आधी खालीच होतं,” त्या नर्सला म्हणाल्या. “चांगलं मोठं. यांना हत्यारं ठेवायला जागा नव्हती. म्हणून यांनी ते वर आणलं आणि खाली हत्यारांची खोली केली. पकडी, पान्हे, करवती सगळं तळमजल्यावर सुखात आहे. मी वर आहे.”

एजंटने खोकून बघितलं. कुणी लक्ष दिलं नाही.

“सगळे म्हणतात गुडघे वयाने गेले. माझी बहीण माझ्याहून मोठी. ती अजून बाजारातून पिशव्या घेऊन येते. धुण्याची बादली, पाण्याचा हंडा, कडेवर पोर, सगळं घेऊन मी तो जिना चढले. त्या दुसऱ्या पायरीला दर वेळी गुडघ्यातून कळ यायची. पदरी पडलं ते पवित्र मानलं. पण आता तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हे वय नाही. हा जिना आहे.”

एजंटच्या चेहऱ्यावरून सौदा मेल्यातच जमा होता. नर्स उठली आणि पिशवी खांद्याला लावली.

“मला घर हवंय,” ती म्हणाली. “सगळीकडे सगळं छान आहे असंच सांगतात. राहायला गेल्यावर कळतं. इथं काय काय करून घ्यायचं ते मला आजच कळलं. पण जिना नाही चालणार. उद्या माझ्या सासूबाईंना त्यावर चढायचंय. जुना काढून नवा बसवून देणार असाल तर मी लगेच घेते.”

काका बाहेर जिन्याच्या तोंडाशी आले. जिना काढायचा? त्यांचा जिना? छापखान्याच्या मालकांनी त्यांना जवळ घेतलं आणि काल आलेली बाई म्हणते चालणार नाही. रागारागाने ते दुसऱ्या पायरीवर उतरले, परत वर चढले, परत उतरले. कुठे काय आहे मोठं? काकांचे पाय लांब. त्यांना ती पायरी आयुष्यात कधी लागलीच नव्हती. ते तिथेच थांबले. मग हळूच खाली वाकले आणि काकूंच्या पायाला जेवढं उचलायला लागत असेल तेवढ्या उंचीवर हात धरून बघितला.

बराच वेळ ते तसेच वाकलेले राहिले. एजंटला वाटलं कमरेत उसण भरली.

“सुताराकडून नवा बसवून देतो,” शेवटी ते म्हणाले. नर्सकडे बघून नव्हे, फळीकडे बघून. “पण हा मी काढणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

नर्सने मान डोलावली. महिना संपायच्या आत लिहून द्यायचं ठरलं, एजंटचा चेहरा पुन्हा माणसात आला, आणि दोघंही जिना उतरून गेले. नर्सने दुसऱ्या पायरीला पाय सांभाळून टाकला.

काका त्यांच्यामागोमाग खाली गेले. हत्यारांच्या खोलीत, जिथे एकेकाळी बादली आणि पाट असायचा, तिथून त्यांनी हातोडी आणि कटावणी घेतली. स्वतःवर चिडले होते, आणि चिडलेल्या फिटरला एकच गोष्ट येते. बाह्या सरसावून ते वर चढले, एक पायरी खाली उभे राहिले आणि वरून दुसऱ्या फळीखाली कटावणी घालून जोर दिला. खिळा करकरत वर आला. मग दुसरा. इतक्या वर्षांनी ती फळी हलली. खाली पाडायला त्यांनी हातोडी उचलली.

“अहो,” आतून काकूंचा आवाज आला. “मी अजून वरच आहे.”