फाटकापलीकडचं घर

शिवलीलाक्का मगदूम चिडल्या की आधी चष्मा काढून टेबलावर ठेवायच्या. मग समोरचा माणूस त्यांना नीट दिसायचा नाही, आणि दिसायची त्यांना गरजही वाटायची नाही. मी लग्न करून पुण्याहून बंगळूरला आले आणि येलहंक्याच्या एका अनुदानित हायस्कुलात हिंदी शिकवू लागले, तेव्हा त्या तिथे भूगोल शिकवत होत्या. माहेर निपाणीकडचं, सासर येलहंक्याच्या जुन्या गावातलं. वर्गात इंग्रजी, शिपायाशी कन्नड आणि भांडायला मराठी, अशी त्यांची सोय होती. माझ्याशी त्या मराठीच बोलत. पण भांडण माझ्याशी नसे, माझ्यादेखत असे.

शाळेतलं जगमित्र मंडळ त्यांचंच. शनिवारी शाळा सुटली की पंधरा-वीस पोरं भूगोलाच्या खोलीत जमायची. कुणी तिकिटं आणायचं, कुणी रेडिओवर ऐकलेली बातमी सांगायचं. अक्का विचारायच्या, "तिथली तुझ्याएवढी पोरगी सकाळी उठून काय करत असेल, सांग बघू." उत्तर आलं नाही तर त्याच पोरीला पत्र लिहून विचारायला लावायच्या. अशी पत्रं लिहिता लिहिता डेन्मार्कमधल्या एका शाळेशी ओळख जमली आणि शहाण्णव साली ठरलं की जानेवारीत तिकडची आठ मुलं आपल्याकडे येतील, मुलांच्या घरी राहतील, आणि मे महिन्यात इकडची मुलं त्यांच्या घरी जातील. भाडं तिकडची एक संस्था देणार होती. ज्याला आपण घरात घेतलं त्याच्या घरी आपण जायचं, एवढा साधा हिशेब. सोबत शिक्षिका म्हणून अक्का जाणार होत्या. आयुष्यभर खडूनं जग काढलं, पण विमानात पाय ठेवला नव्हता. त्यांनी एक स्वेटर विणायला घेतला होता, आणि तो कुणासाठी आहे हे विचारलेलं त्यांना आवडत नसे.

मंडळाची चिटणीस महादेवी. नववीतली, अंगानं किडकिडीत, बोलायला खणखणीत. वडील परसू रेल्वेत गँगमन. रेल्वे फाटकाच्या पलीकडे त्यांची एका खोलीची क्वार्टर होती. डेन्मार्कच्या लेन नावाच्या मुलीशी महादेवीचा वर्षभर पत्रव्यवहार होता. लेन महादेवीकडेच राहणार हे दोघींनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

पण प्राचार्य अरविंद काटकरांनी घरं बघायची टूम काढली. दोन विश्वस्त, काटकर, अक्का आणि मी अशी वरात घरोघर फिरली. आम्ही परसूकडे जाणार म्हटल्यावर त्याची बायको अंबूबाई हिनं मुलगी बघायला पाहुणे यावेत तशी तयारी केली. फरशी धुतली, दारात रांगोळी काढली. आणि खोली मोठी दिसावी म्हणून खाट, ट्रंका, गाद्या, भांडी, स्टोव्हसुद्धा, सगळं उचलून शेजारणीकडे नेऊन ठेवलं. आम्ही गेलो तेव्हा त्या लख्ख खोलीत शेजारून आणलेल्या खुर्च्या तेवढ्या होत्या. अंबूबाईचा चेहरा असा फुललेला, जणू तिला महाल दाखवायचा होता. काटकरांनी उप्पीट दोनदा मागून घेतलं.

शाळेत येऊन म्हणाले, "घरात काहीच नाही हो. पोरगी झोपणार कशावर? हे घर चालत नाही."

अक्कांनी चष्मा काढला. "सर, सामान शेजारी हाय. तुम्ही येणार म्हणून हलवलं त्यांनी."

"म्हणजे लपवलंच की. घर चालत नाही हे त्यांनाही कळतंय."

ज्या घरचं उप्पीट अजून पोटात आहे त्या घराबद्दल हे बोलायला जीभ कशी वळते, हे मला आजही कळलेलं नाही. तेव्हा मात्र मी नवी होते आणि अक्काच पुरेशा होत्या. तास बुडाला, पण शेवटी काटकर एवढं कबूल झाले की लेननं अक्कांच्या घरी राहावं आणि महादेवीनंही तिथेच राहून तिची सरबराई करावी.

बाकीच्या घरांनी काय केलं ते सांगायला हवं. कुणी डायनिंग टेबल भाड्यानं आणलं. कुणी सासूला होसकोट्याला लेकीकडे धाडलं, कारण ती मिश्री लावते. सकाळी पाव, रात्री सूप. निरोपाच्या दिवशी स्टेजवर एक डॅनिश मुलगा म्हणाला, "इथले लोक अगदी आमच्यासारखेच राहतात." टाळ्या पडल्या. अक्का माझ्या कानाशी धुमसत म्हणाल्या, "जग बघायला आली पोरं, तर ह्यांनी आरसा धरला बघ त्यांच्यापुढं."

लेन तेवढी वेगळं बोलली. ती रोज संध्याकाळी महादेवीबरोबर फाटक ओलांडून अंबूबाईकडे जायची. तिनं भाकरी थापायचा प्रयत्न केला होता, ती फाटली होती, आणि अंबूबाई इतकी हसली की परसू ड्युटीवरून धावत आला. जाताना अंबूबाईनं तिच्या हातावर दही घातलं. लेननं ते सगळं स्टेजवर सांगितलं. काटकर घड्याळ बघत होते.

एप्रिलमध्ये जाणाऱ्या मुलांची नावं लागली. लेनच्या घरी राजस. एका विश्वस्तांचा पुतण्या. त्याच्या घरी कुणीही पाहुणा राहिला नव्हता.

"महादेवीनं पाहुणी ठेवली कुठं? घर तर तुमचं होतं," काटकर म्हणाले. "राजसच्या घरी पाहुण्यांची वेगळी खोली आहे. पुढच्या वेळी उपयोगी पडेल."

अक्कांनी या वेळी चष्मा काढला नाही. त्यांना काटकर नीट दिसायला हवे होते. "तिला तुम्हीच ठेवू दिलं न्हाई, आणि आता ठेवलं न्हाई म्हणून तिचं नाव कापताय? माझं घरबी दोन खोल्यांचं हाय सर. तिचं चालत न्हाई, तर माझंबी चालत न्हाई. मी येत न्हाई."

त्यांना वाटलं असेल, माणूस एवढ्यानं तरी शरमेल. शरमतोय कसला! अक्कांच्या जागी काटकर स्वतः गेले. हौसेनं टाय घेऊन गेले. महादेवीला मी वर्गात रडताना पाहिलं नाही. ती मंडळात यायची बंद झाली, एवढंच. अक्कांचा स्वेटर एका बाहीवर थांबला.

जूनमध्ये राजसनं मंडळापुढे फोटो दाखवले. समुद्र, सायकली, चीज. अक्कांनी विचारलं, "लेन काय म्हणाली?"

पोरगं वाईट नव्हतं. खरं तेच बोललं. "टीचर, तिची आई रोज महादेवीच्या घराबद्दल विचारायची. महादेवीची आई कशी आहे, भाकरी कशावर भाजतात. मला काहीच सांगता येईना. मी तिथे कधी गेलोच नाही." आणि त्यानं दप्तरातून एक पुडकं काढलं. "हे लेननं अंबूबाईंसाठी दिलंय. तुम्ही द्याल?"

"मी का देऊ? पाय हैत न्हवं तुला? सात समुद्र ओलांडून आलास, एक रेल्वेचं फाटक ओलांडवंना?"

तशाच उठल्या आणि त्याला घेऊन निघाल्या. मीही मागे गेले. फाटकाशी गाडी जाईपर्यंत थांबलो. पलीकडे महादेवी दारातच उभी होती. राजसनं न सांगता बूट काढले आणि पुडकं पुढे केलं.

तिनं त्याच्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. "आत येतोस? बघ बाबा. आमचं घर चालतंय काय तुला?"

आतून अंबूबाईनं विचारलं, "कोण आलंय गं?"

"कुणी न्हाई, आई. फाटकापलीकडचा एकजण हाय," महादेवी म्हणाली, आणि दारातून सरकली नाही.