पोलीस शोधणारं यंत्र

आयुष्यात पोलिसांनी मला एकदाच पकडलं, आणि तेही गाडी फार हळू चालवतो म्हणून.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात पाटबंधारे खात्यात नोकरी करत असताना मी एक जुनी पांढरी मोटार घेतली होती. तिचं वर्णन करायचं तर, हॉर्न सोडून तिचं सगळं वाजायचं. पन्नासच्या वर वेग गेला की चारही दारं एकमेकांशी बोलायला लागत. असल्या गाडीच्या मालकासाठी माझ्या मेहुण्याने, म्हणजे सुमनच्या भावाने, अमेरिकेतून काय आणावं? पोलीस शोधणारं यंत्र!

काळं, साबणाच्या वडीपेक्षा जरा मोठं, समोर लाल दिव्यांची रांग. मेहुणा म्हणाला, "भाऊजी, तिकडे रस्त्याच्या कडेला पोलीस यंत्र लावून गाड्यांचा वेग मोजतात. हे आपल्या गाडीत लावलं की ते लांबूनच ओळखतं आणि ओरडतं. आपण लगेच वेग कमी करायचा. दंड नाही, काही नाही!"

"पण यांची गाडी मुळात जोरात पळतच नाही," सुमन म्हणाली. (भाऊ तिचा, पण खरं बोलण्यात ती कोणाचा मुलाहिजा ठेवत नाही.)

"सोय असलेली बरी," मी म्हणालो.

यंत्राच्या वायरच्या टोकाला जो प्लग होता तो म्हणे गाडीतल्या सिगारेट पेटवायच्या खोबणीत खुपसायचा असतो. माझ्या गाडीत सिगारेट पेटवायची सोय नव्हती. गाडीच पेटायची पंचाईत होती. तेव्हा आमच्या गल्लीतल्या बाळू मिस्तरीला बोलावलं.

"बाळू, एकच अट. याने बॅटरी खाता कामा नये. गाडी उभी असताना हे बंद राहिलं पाहिजे."

"होऊन जाईल साहेब!" बाळूने प्लग कापला आणि उताणा होऊन डॅशबोर्डखाली शिरला. थोड्या वेळाने आतून त्याची धडपड ऐकू आली, त्याचं कोपर कशावर तरी आपटलं आणि यंत्र जिवंत झालं. टीं टीं टीं टीं! सगळे लाल दिवे एकदम नाचले. जमलेल्या शेजाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग ते गप्प झालं.

"गप्प का झालं?" एकाने विचारलं.

"आसपास पोलीस नाहीत म्हणून," मी जाणकाराच्या सुरात सांगितलं.

पुढचे चार-सहा दिवस मी ती गाडी गावभर फिरवली. आणि खरं सांगतो, यंत्र एकदाही चुकलं नाही. कुठलाही चौक आला की टीं टीं टीं, आणि पाहावं तर चौकात पोलीस हजर! मी ऑफिसातल्या निम्म्या लोकांना शेजारी बसवून प्रात्यक्षिक दाखवलं. आमचे हेडक्लार्क तर म्हणाले, "अमेरिका ती अमेरिका!"

अशा भारावलेल्या अवस्थेत माझ्या धाकट्या भावाचा, विलासचा, साखरपुडा आला. मुलगी धुळ्याची, नाव नीलिमा. तिचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. सगळे त्यांना नाना म्हणत. घंटेच्या ठोक्यावर आयुष्य काढलेला माणूस. त्यांनी आधीच बजावलं होतं, "अकराचा मुहूर्त आहे. अकरा म्हणजे अकरा." आमचे वडील आबा आणि बाकी मंडळी भाड्याच्या दोन जीपमधून पहाटेच पुढे गेली. नवरदेव, त्याने घालायची अंगठी, सुमन आणि माझी आत्या अक्का, एवढा महत्त्वाचा ऐवज माझ्या गाडीत.

"नवरदेव जीपमध्येच बसू दे," आबा म्हणाले होते.

"आबा, माझ्या गाडीत अमेरिकन यंत्र आहे," मी म्हणालो. यावर आबा काहीतरी पुटपुटले. ते मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पाळधीच्या पुढे एक गाय आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि यंत्र ओरडलं. टीं टीं टीं टीं!

"पाहिलंत? पोलीस!"

"कुठेत?" विलास म्हणाला.

"लांब असणार. म्हणून तर यंत्र." मी वेग तीसवर आणला. पोलीस काही दिसले नाहीत. थोडं पुढे जाऊन मी जरा वेग वाढवला, एक खड्डा आला, आणि पुन्हा टीं टीं टीं! आता मी वीसवर आलो. एरंडोलच्या अलीकडे उतारावर गाडी आपसूक पळायला लागली, म्हणून मी ब्रेकवर पाय ठेवला, तर यंत्राने नुसता आकांत मांडला.

"काय वाजी ऱ्हायनं हाई?" मागून अक्का म्हणाली. अक्काचं माहेर, सासर सगळं खानदेशातलं. ती जगातल्या कोणाशीही अहिराणीतच बोलते.

"पोलीस आहेत पुढे, अक्का."

"माले ते एक बी दिसत नही."

"दडून बसलेत."

"बठ्ठा रस्ताभर?"

सगळ्या रस्ताभर पोलीस कसे, हा प्रश्न खरं तर मला स्वतःला पडायला हवा होता. पण मी भलत्याच विचारात होतो. एवढे पोलीस म्हणजे नक्कीच कोणी मंत्री येणार! मी आणखी सावध झालो. सावध माणसाचा पाय कुठे असतो? ब्रेकवर. त्यामुळे यंत्र आणखी ओरडायला लागलं आणि मी आणखी सावध झालो.

आधी आम्हाला ट्रकांनी मागे टाकलं. मग कापसाच्या ट्रॅक्टरने. पारोळ्याच्या बाहेर दुधाचे कॅन लावलेला एक सायकलवाला आमच्या शेजारून जाताना खिडकीत वाकून म्हणाला, "काय भाऊ, पंक्चर शे का?" आणि पुढे निघून गेला.

"अहो, दहा वाजून गेले," सुमन म्हणाली.

"दादा, बंद कर ना ते," विलास काकुळतीला आला.

"बंद करू आणि पकडलं म्हणजे? साखरपुड्याच्या दिवशी पोलीस चौकीत बसायचंय का तुला?"

एक बैलगाडी शांतपणे आमच्या पुढे निघून गेली. अक्काने दाराला हात घातला. "उतर रे विलास. आपन पायी जासूत. लवकर पोचसूत!"

तिकडे आम्हाला मागे टाकून गेलेल्या कुणा ट्रकवाल्याने फागण्याजवळच्या पोलिसांना खबर दिली होती. एक पांढरी गाडी अतिशय संशयास्पदपणे हळू हळू धुळ्याकडे येते आहे, आणि तिच्या काचेआड लाल दिवे लुकलुकताहेत! त्या दिवसांत बसस्टँडवर, रेडिओवर, टीव्हीवर एकच सूचना चालू असायची. अनोळखी वस्तूला हात लावू नका, आत स्फोटकं असू शकतात. तेव्हा फागण्याजवळ रस्त्यावर आडवा बांबू टाकून एक फौजदार आणि तीन हवालदार आमची वाट बघत उभे होते.

"बघा!" मी विजयाने ओरडलो. "म्हणत नव्हतो? पोलीस!"

दिवसभरात माझं खरं ठरलेलं ते एकमेव वाक्य.

फौजदार खिडकीशी आला. पोलीस पाहिले की माझा उजवा पाय थरथरतो, लहानपणापासूनची सवय. त्या क्षणी तो पाय ब्रेकवर होता. टीं टीं! टीं टीं टीं! टीं टीं! दिवे लागत होते, विझत होते, पुन्हा लागत होते. फौजदार एका उडीत मागे गेला.

"उतरा! सगळे खाली उतरा! गाडीपासून लांब व्हा!"

पुढच्या काही मिनिटांत आम्ही चौघं शेजारच्या कापसाच्या शेतात ओळीने बसलो होतो. नवरदेव सफारीत, सुमन पैठणीत, अक्का मांडी घालून. दोन्ही बाजूंची वाहतूक थांबवली गेली. एका हवालदाराला फौजदाराने गाडीत डोकावायला पाठवलं. बिचारा भीत भीत आत शिरला, त्याचा बूट कुठेतरी लागला आणि यंत्र पुन्हा किंचाळलं. तो जो पळाला तो आमच्याही मागे, पार बांधावर जाऊन थांबला.

"काय आहे ते?" फौजदाराने मला दरडावलं.

आता आली का पंचाईत! बॉम्ब नाही हे पटवायचं तर ते काय आहे हे सांगणं भाग. आणि ते काय आहे हे पोलिसांना कुठल्या तोंडाने सांगणार?

"साहेब, ते... अमेरिकेचं आहे."

"करतं काय?"

"रेडिओ आहे," विलास म्हणाला.

"घड्याळ आहे," त्याच क्षणी सुमन म्हणाली.

"देवनं शे," अक्का म्हणाली.

"रेडिओ, घड्याळ का देव?" फौजदाराचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे गेला.

"पोलीस शोधतं!" मी एका दमात सांगून टाकलं.

फौजदार दोन पावलं पुढे आला. "कशाला?" त्याने विचारलं.

"नाही म्हणजे... आधी कळलं तर नमस्कार करायला बरं."

अक्काला माझी दया आली. हात जोडून ती म्हणाली, "सायेब, मना भाचा चोर नही शे. त्याले तेवढी अक्कल नही!"

शेवटी मी वेग मोजायच्या यंत्रापासून सगळं सांगितलं. फौजदार ऐकत राहिला आणि म्हणाला, "आमच्याकडे एक मोटारसायकल आहे. ती ढकलून चालू करावी लागते. वेग मोजायचं यंत्र आम्ही डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मग हे तुमचं जळगावपासून काय शोधत होतं?"

मी विलासकडे बघितलं, विलासने सुमनकडे. म्हणजे बॉम्बच, असा फौजदाराने निष्कर्ष काढला. नाशिकहून पथक बोलवायचं ठरलं. ते संध्याकाळपर्यंत येणार! अकरा केव्हाच वाजून गेले होते. विलासचा चेहरा शेजारच्या बोंडातल्या कापसासारखा झाला होता. सुमन हवालदाराच्या मिनतवाऱ्या करून रस्त्यापलीकडच्या ढाब्यावर गेली आणि तिने धुळ्याला फोन लावला. ती म्हणाली, "आम्हाला यायला थोडा उशीर होईल. पोलिसांना गाडीत बॉम्ब असल्यासारखा वाटतोय." (घाबरवायचं नाही म्हणून तिने 'असल्यासारखा' हा शब्द घातला.)

थोड्याच वेळात खोळंबलेल्या ट्रकांच्या मधून वाट काढत एक स्कूटर आली. चालवायला साक्षात नवरी मुलगी, अंजिरी शालूत, केसांत गजरा! मागे एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने सीट धरून बसलेले नाना.

विलासने मान खाली घातली. नानांनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मुख्याध्यापकांचं ते बघणं मला शाळेपासून ठाऊक होतं.

नीलिमाने मात्र सरळ विचारलं, "भाऊजी, ते वाजतं तेव्हा तुम्ही काय करता?"

"ब्रेक दाबतो."

"ते वाजत नसताना कधी ब्रेक दाबून पाहिलात?"

मी विचार करायला लागलो. ती तोवर गाडीकडे निघालीसुद्धा.

"अहो बाई! थांबा!" फौजदार ओरडला.

"साहेब, मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करतेय," ती मागे न बघता म्हणाली. शालू सावरत माझ्या सीटवर बसली आणि तिने ब्रेकवर पाय दाबला. टीं टीं टीं टीं! तिन्ही हवालदार कापसात आडवे. तिने पाय काढला. शांतता. दाबला, टीं टीं टीं. काढला, शांतता. मग डॅशबोर्डखाली हात घालून तिने एक वायर बाहेर ओढली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"याला करंट ब्रेकच्या दिव्याचा दिलाय. ब्रेक दाबला की हे चालू होतं. चालू होताना ओरडून, दिवे लावून सांगतं की मी ठीक आहे. ब्रेक सोडला की बंद."

"म्हणजे?" मी म्हणालो.

"म्हणजे तुम्ही ब्रेक दाबला की ते ओरडतं, आणि ते ओरडलं की तुम्ही ब्रेक दाबता."

आधी फौजदार हसला. मग हवालदार हसले. मग एकेक करत रांगेतले सगळे ट्रकवाले हसले, कारण पुढच्याने मागच्याला सांगायचं असा क्रम होता. ते हसू मला पारोळ्याच्या दिशेने लांब लांब जाताना ऐकू येत होतं. विलास नीलिमाकडे असा बघत होता की त्याला आता मुहूर्ताची काही गरज उरलेली नव्हती.

हसले नाहीत ते फक्त नाना. त्यांनी मला बांधापाशी बाजूला नेलं.

"तुमच्या घरात असं आणखी कोणी आहे?"

"कसं?"

"तुमच्यासारखं."

"नाही नाना. मी एकटाच."

त्यांनी एकदा विलासकडे, एकदा नीलिमाकडे पाहिलं. "मग हरकत नाही," ते म्हणाले. "चला."

दुपारचा मुहूर्त शोधून साखरपुडा झाला. फौजदार जेवायला होता. त्याने पंगतीत ही गोष्ट तीनदा सांगितली, आणि आबा दर वेळी नव्याने ऐकल्यासारखे हसले.

लग्नाची बोलणी झाली तेव्हा नाना म्हणाले, आम्हाला काही मागायचं नाही, फक्त एक करा. नवरदेवाला आगगाडीने चाळीसगावमार्गे आणा. चाळीसगावला गाडी बदलावी लागेल, दिवस मोडेल, पण मुलगा कुठे अडकलाय ते निदान स्टेशनमास्तरला विचारता येईल. त्याप्रमाणे आम्ही आगगाडीने गेलो आणि आदल्या दिवशी सुखरूप पोचलो.

लग्नाच्या संध्याकाळी वरात निघाली. विलास घोड्यावर बसला. मोठा भाऊ म्हणून मी पुढे होऊन घोड्याचा लगाम हातात घेतला. गर्दीतून वाट काढत नाना लगबगीने आले आणि त्यांनी तो हळूच माझ्या हातून काढून घेतला.

"तुम्ही," ते म्हणाले, "नुसते नाचा!"