थबकी

नगरच्या कॉलेजातल्या मराठीच्या एका प्राध्यापकाने मला फसवले. त्याने माझा एक शब्द नेला आणि त्या शब्दापायी मलाच चोर ठरवले.

एकोणीसशे सत्तर साल उलटून गेले होते. मी शेवगावच्या गुरांच्या बाजारात दलाली करायचो आणि घरी आल्यावर वहीत गोष्टी लिहायचो. हा गृहस्थ एसटीने बाजाराला यायचा. दलालांच्या बोलीवर प्रबंध लिहीत होता. आमच्यात भाव तोंडाने बोलत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून ठरवतात. त्यातले सगळे शब्द मी त्याला दिले. वर चहा पाजला.

माझ्या एका गोष्टीतला दलाल रुमालाखाली समोरच्याचे बोट धरतो, पण दाबत नाही आणि सोडतही नाही. त्या थांबण्याला बाजारात नाव नव्हते. मला गोष्टीसाठी हवे होते. चार दिवस घरात कुणाशी धड बोललो नाही. मग बैलाला पाणी दाखवताना सुचले, थबकी.

प्राध्यापकाने वही वाचली. म्हणाला, "काय शब्द आहे हो." मी मान डोलावली. तो कुठून आला, ते त्याने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. माझी चूक असेल तर तेवढीच.

पुढे ती गोष्ट पुण्याच्या एका मासिकाला पाठवली. परत आली. सोबत चिठ्ठी होती: थबकी या पारंपरिक शब्दावर प्राध्यापकांचा लेख आम्हीच छापला आहे, आपली कल्पना त्यावरून घेतलेली दिसते.

तसाच नगरला सावेडीत प्राध्यापकाच्या घरी गेलो.

"सर, ह्यो शब्द माझा हाय. मी बनवलाय."

"असं कसं? तुमच्या बाजारातल्या आणखी दोघांकडून मी खात्री करून घेतली आहे."

"कोन दोघं?"

त्याने नावे सांगितली. त्या दोघांना चिंचेखाली बसवून ती गोष्ट मीच वाचून दाखवली होती.

"म्हंजी माझं ऐकून त्यांनी तुमाला सांगितलं, अन् तुमी त्याला पुरावा म्हनता. आमी बैलाचे दात तरी बघतो, सर."

त्याचा आवाज उतरला. "प्रबंध मंजूर झालाय. या शब्दाच्या व्युत्पत्तीवर त्यात चार पानं आहेत. आता मी काय करू?"

"मासिकाला चार ओळी लिवा. माझी गोष्ट आधीची हाय म्हनून."

तो हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. रुमाल नव्हता एवढेच.

ते पत्र गेलेच नाही. गोष्ट वहीतच राहिली. आता बाजारात जो तो थबकी म्हणतो, आणि शब्द माझा म्हटले की हसतो. दर बाजारी मी ते ऐकतो आणि माझे सौद्यावरचे मन उडते.

त्या प्राध्यापकाने आणि त्या संपादकाने मला लेखी उत्तर द्यावे. माझ्या वहीच्या आधी हा शब्द कुठे लिहिलेला होता? एक जागा दाखवा.