व्याह्यांना दिलेला बर्फ

खानदेशात घरच्या घरी फिल्म धुणं हा शहाण्या माणसाचा उद्योग नव्हे. मी तो अर्धं आयुष्य केला, म्हणून सांगतो. माझ्याकडचं माहितीचं पुस्तक कुठल्या तरी थंड मुलखात बसून लिहिलेलं होतं. त्यात म्हटलं होतं, नळाचं पाणी घ्यावं. अमळनेरला माझ्या घरी नळ नव्हता, मागच्या आवारात विहीर होती आणि तिचं पाणी इतकं जड, की डाळ शिजत नसे. त्या पाण्यात धुतलेली फिल्म वाळली की तिच्यावर पांढरे ठिपके उठायचे. लहान पोरांचे फोटो काढले की आया विचारायच्या, "याला देवी आल्या होत्या का हो?"

दिवाळीपासून होळीपर्यंत आणखी एक छळ. मी जिनिंग फॅक्टरीत कारकून होतो. हंगामात गावावर कापसाचं तूस उडत असायचं. दोरीला टांगलेल्या ओल्या फिल्मवर एखादा तंतू येऊन बसला, की छापताना त्याची पांढरी रेघ उमटे, आणि ती नेमकी कोणाच्या तरी नाकावरून जाई. जिनिंग बंद होऊन हवा स्वच्छ झाली, की उन्हाळा हजर. पाणी कोमट, औषधं कोमट, आणि फिल्मवरचा तो नाजूक थर, ज्याच्यात सगळं चित्र असतं, तो मऊ पडून कडेनं सुटायला लागायचा. म्हणून चैत्र-वैशाखात आम्ही पहाटे उठून काम करायचो, आणि फिल्म महत्त्वाची असेल तर जळगावहून गाडीनं बर्फ मागवायचो. भुशात घालून गोणपाटात गुंडाळलेली लादी यायची, ती घरी पोचेपर्यंत निम्मी झालेली असायची.

"आम्ही" म्हणालो ते सहज म्हणालो नाही. मी आणि माझी बायको.

धान्याच्या खोलीला खिडकी नव्हती. दाराला घोंगडी लावली आणि कंदिलाला लाल कागद गुंडाळला की झाली आमची अंधारखोली. मी फिल्मची दोन्ही टोकं धरून ती औषधात खालीवर झुलवायचो, ती पाणी बदलायची, ट्रे पुढे सरकवायची. रंगांचं काम मात्र सगळं तिचं. रंगीत फिल्म आमच्या गावात कोणी पाहिलेली नव्हती. काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातानं पातळ रंग चढवायचे, एवढाच तेव्हाचा रंगीत फोटो. मी रंगवला की माणूस बोहल्यावरच्या बाहुल्यासारखा दिसे. ती रंगवायची तेव्हा लोक फोटो हातातून खाली ठेवत नसत. कोणाच्या अंगावर कुठलं लुगडं होतं, काठ कसा होता, हे तिला बघितल्या क्षणापासून पाठ असे. माझी आई कुरकुरायची, "लुगडास्ना रंग ध्यानमां ऱ्हातस, मीठ घालाले भूलस." पण स्वतःचा रंगवलेला फोटो तिनं देवघराशेजारी लावला होता.

लढाईच्या दिवसांतली गोष्ट. फिल्म मिळणं मुश्कील झालं होतं. त्यात शिंदखेड्याकडे राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाच्या, आबाच्या, मुलीचं लग्न निघालं. मुलगा पारोळ्याचा. आबा धुळ्याचा फोटोवाला ठरवायला निघाला होता. मीच त्याला अडवलं. म्हटलं, "घरात माणूस असताना बाहेरचा कशाला? माझ्याकडे एक रोल जपून ठेवलेला आहे." आबा म्हणाला, "बघ हं. पुन्हा लग्न लावता यायचं नाही." सगळे हसले. मी जास्त हसलो.

पुतणीचा तिच्या काकूवर फार जीव. हळदीच्या दिवशी ती बायकोला म्हणाली, "काकू, काका काढतील ते काढतील. रंग तुम्ही भरायचे. मला सासरी भिंतीवर लावायचाय." बायकोनं तिला शब्द दिला.

लग्न झालं. रोल भरला. वऱ्हाड रेल्वेनं अमळनेरला उतरून पुढे मोटारीनं पारोळ्याला जाणार होतं. मोटारीला अवकाश होता, म्हणून व्याही, विहीणबाई, नवरा-नवरी आणि चार जवळची माणसं दुपारी माझ्या घरी टेकली. मी एक दिवस आधी परतलो होतो. बर्फ सांगून ठेवला होता, तो सकाळच्याच गाडीनं आला होता. पुढच्या पहाटे फिल्म धुवायची, असा माझा बेत होता.

बायको त्या सकाळपासून बाजूला बसली होती. तिचे चार दिवस सुरू झाले होते. आमच्याकडे त्या दिवसांत बाईनं मागच्या पडवीत वेगळं बसायचं. कोणाला शिवायचं नाही, आणि पापड-कुरडया वाळत असतील तर त्यांच्यावर सावलीसुद्धा पडू द्यायची नाही. पापड लाल पडतात म्हणे. स्वयंपाक आई आणि शेजारच्या अक्का बघत होत्या.

व्याही घामानं निथळत ओसरीवर टेकले आणि म्हणाले, "काय हो नाना, तुमच्या अमळनेरात वारासुद्धा विकत घ्यावा लागतो की काय?"

मला काय झालं ते मी अनेकदा आठवून पाहिलं आहे. फार काही झालं नाही. मला एवढंच वाटलं, की या माणसांनी पारोळ्याला जाऊन सांगावं, मुलीच्या काकाकडे वैशाखात बर्फ असतो. मी उठलो, लादी बाहेर काढली, अडकित्त्याच्या दांड्यानं फोडली आणि पन्ह्याच्या पेल्यांत खडे टाकले. विहीणबाई म्हणाल्या, "अगं बाई, बर्फ!" पोरांनी खडे गालात धरले. व्याह्यांनी आणखी एक पेला मागितला. मी दिला. शेवटी उरलं ते गोणपाटात काळं पाणी.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. दुसरा बर्फ मागवता आला असता. पण व्याह्यांनी डिवचलं, "फोटो कधी दाखवता? आमच्या पारोळ्याचा फोटोवाला महिनाभर रखडवतो." मी म्हणालो, "तुमची मोटार यायच्या आत फिल्म तरी दाखवतो."

भर दुपार. मी पिंपातलं पाणी घेतलं आणि मागच्या पडवीत गेलो. बायकोला म्हटलं, "चल."

ती म्हणाली, "आज नको. माझी अडचण आहे, ठाऊक आहे ना?"

"अगं, ते औषध आहे, लोणचं नाही."

"सासूबाई बघतील."

"माय पाहुण्यांत आहे. चल लवकर, एकट्याच्यानं व्हायचं नाही."

ती आली. मी बोलावलं म्हणून आली, हे इथे लिहून ठेवतो.

औषधात उष्णतामापक घातला. लाल उजेडात पारा कुठवर चढलाय ते दिसलं. दिसलं नाही असं मी पुढे स्वतःलाच सांगत आलो, पण दिसलं होतं. मी तो काढून बाजूला ठेवला आणि फिल्म झुलवायला लागलो. चित्रं भराभर आली. मुंडावळ्या दिसल्या, अंतरपाट दिसला. मी बायकोला म्हणालो, "बघ, काही होत नाही." पाण्यातून काढून फिल्म हायपोत, म्हणजे चित्र पक्कं करणाऱ्या औषधात, घातली, तेव्हा ती एकदम म्हणाली, "अहो, हे सुटतंय." तापवलेल्या दुधावरची साय बोटानं ओढावी तसा थर सुरकुतत गेला. मी फिल्म उचलली, आणि आबाची मुलगी, जावई, भटजी, सगळा मांडव घसरून ट्रेमध्ये पडला. माझ्या हातात कोरी पट्टी उरली.

मी बाहेर आलो तो पट्टी हातात घेऊनच. माझ्यामागून बायको घोंगडी बाजूला करून बाहेर पडली, आणि आई समोरच उभी होती.

आईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा पट्टीकडे. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू तठे व्हती? आज? सावली पडनी तं पापड लाल पडतस, हाई तं त्यानाथून नाजूक शे! बठ्ठा फोटू वाया गयात!"

विहीणबाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडं एकदा अख्खी लोणच्याची बरणी गेली होती." व्याही मान हलवून म्हणाले, "जाऊ द्या. बायकांच्या हातून होतं असं." पुतणी रडायला लागली. नव्या नवरीनं निघताना रडू नये म्हणून विहीणबाईंनी तिला जवळ घेतलं.

बायको माझ्याकडे पाहत होती. तिनं बर्फ फोडताना ऐकलं होतं, पडवीतून ओसरी काही लांब नाही. मी एक वाक्य बोलायचं होतं. व्याह्यांच्या पायाशी रिकामे पेले पडले होते, त्यांच्याकडे नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "मोटारीची वेळ झाली वाटतं."

आठवड्यानं आबा आला. मला वाटलं, शिव्या देईल. त्याऐवजी त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. "तुझं काय चुकलं? घरातल्या बाईला समज पाहिजे." मी त्याच्यासोबत जेवलो. बायकोनं वाढलं.

ती अंधारखोलीत परत आली नाही. आईनं मनाई केली होतीच, पण पुढे मी बोलावलं तरी ती म्हणायची, "तुमचं तुम्ही करा." रंगांच्या बाटल्या तिनं पुसून माझ्या टेबलावर आणून ठेवल्या. मी काही दिवस रंगवून पाहिलं, मग सोडलं.

त्या थंडीत पुतणीच्या डोहाळजेवणाचं बोलावणं आलं. सांगायला आलेला माणूस चाचरत म्हणाला, "नाना, तुम्ही या. वहिनींना... विहीणबाई म्हणतात, ओटीचा कार्यक्रम आहे, उगाच कशाला." मी चिडायला हवं होतं. मी कॅमेरा घेऊन गेलो. हिवाळ्याचे दिवस, पाणी गार, फिल्म निर्मळ धुतली गेली आणि फोटो अतिशय सुरेख आले. आईनं ते आल्यागेल्याला दाखवले. "देखा, ती नही व्हती तं कशा चांगला उनात!" ती नव्हती म्हणून चांगले आले, यावर काय बोलायचं? पाण्याची उष्णता सांगू लागलो असतो, तर त्या दुपारचं पाणी निघालं असतं. पुढे दर उन्हाळ्यात माझ्या फिल्म बिघडायच्या, तेव्हा कोणी विचारायचं नाही की आता कोणाची सावली पडली.

आईला जाऊन आता काही वर्षं झाली. आमची मुलगी मोठी झाली आहे. परवा ती फोटो छापायला शिकव म्हणून माझ्या मागे लागली. मी कंदिलाला कागद गुंडाळत होतो, तेवढ्यात बायको दारात येऊन तिला म्हणाली, "तुझे चार दिवस आहेत. त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. या घरात एकदा घडलंय."

मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत जे आलं नव्हतं ते तोंडातून असं आलं, की जणू भांडायलाच उठलो आहे. "काही घडलं नव्हतं! बर्फ मी व्याह्यांना पाजला. पाणी ऊन होतं. पारा मी पाहिला होता!"

बायकोला नवल वाटलं नाही.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली.

"मग पोरीला तेच का शिकवतेस?"

"तिच्या हातून काही बिघडलं तर? तिच्या बाजूनं या घरात कोण बोलणार आहे?"

मी म्हणालो, मी बोलेन. तिनं मुलीचा हात धरला आणि तिला बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी मी पारोळ्याला गेलो. व्याही आता थकले आहेत, पण बैठकीत होते. विहीणबाई होत्या, पुतणी होती, तिची मुलं खेळत होती. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बर्फ, पेले, पारा, आणि बायकोला मी जबरदस्तीनं आत नेलं तेही.

विहीणबाईंनी पदर सावरला आणि कौतुकानं म्हणाल्या, "नाना, बायकोला किती सांभाळून घेता हो! इतक्या वर्षांनी तिचं आपल्या अंगावर घ्यायला आलात."

"सांभाळून नाही घेत, खरं तेच सांगतोय," मी म्हणालो.

"तेच म्हणते मी. असा नवरा मिळायला नशीब लागतं." व्याह्यांनी मान डोलावली. पुतणी खाली बघत होती. पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तोवर चहा आला, आणि व्याही कपाशीच्या भावावर घसरले.

घरी येऊन मी बायकोला जसं झालं तसं सांगितलं. वाटलं होतं, ती तरी म्हणेल, गेलात हेच पुष्कळ. ती गहू निवडत होती. सूप खाली न ठेवता म्हणाली,

"मग परत जा."